काढून घेतलेला गुण

अंतिम लढत सुरू व्हायला पाच मिनिटं होती आणि रणधीर सरनोबत मला झेंडा कसा धरायचा ते शिकवत होते.

“पोवार बाई, दांडा तर्जनीच्या रेषेत. असा. पंचाचा झेंडा आहे हा, भाजीची पिशवी नव्हे.”

मी सहा वर्षं पंच म्हणून झेंडे धरत होते आणि त्याआधीपासून कोल्हापुरातल्या एका शाळेत पोरांना शिट्टीवर नाचवत होते. पण सरनोबतांना शिकवायला कोणीतरी लागायचंच. ते आमच्या राज्य केंडो संघटनेचे मुख्य पंच. जपानला आयुष्यात एकदाच गेले होते, अकरा दिवस, आणि त्या अकरा दिवसांवर आम्हाला वर्षानुवर्षं व्याख्यानं ऐकावी लागत होती. तिथे बूट कसे काढतात, तिथे वाकतात किती अंशात, तिथे चहा पिताना कोणी फुर्र करत नाही. हे सांगताना स्वतः बशीतून फुर्र करायचे.

तिसरे पंच डॉ. तांडेल, अलिबागचे दातांचे डॉक्टर. दुसऱ्याच्या तोंडात बघायची सवय त्यांना धंद्याने लागली असावी. झेंडा वर करण्याआधी ते नेहमी सरनोबतांच्या तोंडाकडे बघायचे. तिघांपैकी दोघांचे झेंडे वर गेले की गुण मिळतो. म्हणजे सरनोबतांचा एक झेंडा प्रत्यक्षात दोन झेंड्यांचा होता आणि मी नुसती शोभेला.

ही सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. राज्य स्पर्धा कोल्हापुरात आणि ती मंगल कार्यालयात, कारण स्टेडियमवर फर्निचरचा सेल लागला होता. व्यासपीठावर नवरानवरीच्या लाल मखमली खुर्च्या तशाच होत्या. त्यांत आमचे अध्यक्ष आणि एक नगरसेवक शेजारी शेजारी बसले होते. नगरसेवकाला वाटत होतं की हा कराटेचाच प्रकार आहे. भाषणातही त्यांनी कराटेच्या विकासासाठी कटिबद्ध असल्याचं सांगितलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आमच्या अध्यक्षांनीसुद्धा.

केंडो म्हणजे बांबूच्या तलवारीची जपानी लढत. डोक्याला जाळीचा मुखवटा, छातीला कवच, हातांना जाड मोजे. डोकं, मनगट किंवा कूस, नेमक्या जागी घाव बसला पाहिजे, आणि तो मारताना पोटातून आवाज निघाला पाहिजे. पण एवढ्यावर गुण मिळत नाही. घाव मारल्यावरही खेळाडूने सावध राहायचं असतं, जणू समोरचा अजून उठून अंगावर येणार आहे. त्याला झानशिन म्हणतात. आणि गुण मिळाल्याचा आनंद दाखवायचा नाही. मूठ उगारली, उडी मारली, तर पंच एकत्र जमून दिलेला गुण काढून घेऊ शकतात. पुस्तकात हा नियम आहे. आमच्या राज्यात तो तोपर्यंत कोणी वापरला नव्हता, कारण निम्म्या पंचांनी पुस्तक उघडलं नव्हतं आणि उरलेल्या निम्म्यांना ते इंग्रजीत असल्याने झेपलं नव्हतं. मी महिनाभरापूर्वीच ते कव्हर टू कव्हर वाचून काढलं होतं. पिवळ्या पेनाने रेघा मारून.

“चला,” सरनोबत म्हणाले. “चेहऱ्यावर भाव नको कोणाच्या.”

तांडेलांच्या चेहऱ्यावर तसाही कधी नसायचा.

आमच्या प्रत्येकाच्या हातात एक लाल आणि एक पांढरा झेंडा होता, आणि लाल फीत होती इंद्रजित चौगुलेच्या पाठीवर. कागलकडच्या एका गावातलं पोरगं, वीस वर्षांचं. तालमीत वाढलेलं, पण अंगच धरेना, तेव्हा त्याच्या हिंदुराव वस्तादांनी त्याला कुस्तीतून काढून इकडे घातलं. वस्ताद सत्तरीचे, कान मोडलेले, गर्दन खांद्यांत रुतलेली. त्यांना केंडोतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण सहा वर्षं रोज पहाटे त्यांनी या पोराला तालमीच्या अंगणात हजार हजार घाव मारायला लावले होते, पुढ्यात काठी घेऊन बसून. एकवीस वर्षांखालच्या भारतीय संघात आता एकच जागा उरली होती, तैवानच्या स्पर्धेसाठी, आणि या लढतीत जिंकेल त्याची ती होती. इंद्रजितचं वयाच्या हिशेबाने हे शेवटचं वर्ष. हरला असता तर परत तालमीच्या अंगणात, नुसत्या घावांची मोजदाद करायला.

पांढरी फीत ईशान रत्नपारखीची. ठाण्याचा, इंजिनिअरिंगला. त्याचं कवच त्याच्या वडिलांनी जपानहून मागवलं होतं, असं सगळे सांगत, आणि ज्या सुरात सांगत त्यावरून पोराने ते चोरून आणलंय असं वाटावं. माझंही त्याच्याविषयी काही फार बरं मत नव्हतं. फार शांत असायचा. मला शांत पोरं शिष्ट वाटतात, शिक्षकी पेशातला रोग आहे.

लढत सुरू झाली. पहिला गुण ईशानने घेतला, मनगटावर, इतका स्वच्छ की नगरसेवकांनाही कळला. दुसरा इंद्रजितने, डोक्यावर. एक-एक. आता पुढचा गुण ज्याचा, त्याची तैवानची जागा.

मग तो घाव झाला. ईशान पुढे यायला आणि इंद्रजितची तलवार त्याच्या डोक्यावर बसायला एकच क्षण. “मेन!” अशी आरोळी उठली की कार्यालयाचा पत्रा दणाणला. तीन लाल झेंडे एकदम वर गेले. तांडेलांचासुद्धा, कोणाच्या तोंडाकडे न बघता. इतका चांगला घाव मी त्या वर्षात पाहिला नव्हता. इंद्रजित ईशानच्या बाजूने पुढे धावत गेला, वळला, तलवार रोखून उभा राहिला. सगळं बरोबर.

आणि मग तो वाकला. डाव्या हाताची बोटं फरशीला लावली आणि मुखवट्याच्या कपाळाला टेकवली.

बस्स, एवढंच.

पुढच्याच क्षणी पंचांच्या बैठकीची खूण झाली. दोन्ही खेळाडूंना आपापल्या रेषेपाशी मागे पाठवण्यात आलं आणि आम्ही तिघं मधोमध जमलो. मागे वस्ताद ओरडत होते, “आता काय झालं वं? पडला की त्यो घाव!” बैठकीत काय बोलणं झालं ते बाहेर सांगायची पद्धत नाही. दीड मिनिट गेलं. मग सरनोबतांनी दोन्ही झेंडे खाली धरून एकमेकांवरून हलवले. गुण रद्द.

कार्यालयात आधी कोणाला कळलंच नाही. कळल्यावर जो गोंगाट झाला त्यात अध्यक्ष मखमली खुर्चीतून उठून माइकवरून “खिलाडूवृत्ती, खिलाडूवृत्ती” असं म्हणत राहिले, लग्नात आहेर आणू नये म्हणून सांगतात त्या सुरात. वस्ताद रिंगणाच्या कडेपर्यंत आले. त्यांना दोन स्वयंसेवकांनी धरलं. म्हणजे त्यांनी धरू दिलं, नाहीतर त्या वयातही त्यांनी दोघांना काखेत घालून नेलं असतं.

“मातीला हात लावला त्यानं!” ते ओरडले. “मातीला! आमी न्हाई लावायचा तर कुनी लावायचा?”

सरनोबतांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खेळाडूने किंवा त्याच्या माणसांनी निर्णयावर बोलायचं नसतं. इंद्रजित आपल्या रेषेपाशी परत येऊन उभा राहिला. त्या पोराला आपण काय गुन्हा केला तेच कळलेलं नव्हतं. गुणाचा आनंद दाखवला म्हणून त्याला शिक्षा झाली होती, आणि त्याने तर पायाखालच्या जमिनीला नमस्कार केला होता, आखाड्यात उतरणारा आणि आखाड्यातून बाहेर पडणारा प्रत्येक पैलवान करतो तसा. फरशीवर माती नव्हती, एवढीच त्याची चूक.

लढत पुन्हा सुरू झाली, एक-एक वर.

इंद्रजित सैरभैर झाला होता. घाव जागा सोडून पडत होते. ईशानने मनात आणलं असतं तर दोन वेळा तरी त्याचं मनगट घेतलं असतं. मी बाजूलाच उभी होते, उघडी मनगटं मला दिसत होती. ईशानने तलवार उचललीही नाही. तो सावकाश मागे सरकायला लागला, एकेक पाऊल, पाठीमागे न बघता, आणि रिंगणाच्या पांढऱ्या पट्टीबाहेर जाऊन उभा राहिला.

सरनोबतांनी लढत थांबवली. रेषेबाहेर पाय गेला की एक ताकीद. दोन ताकिदींचा समोरच्याला एक गुण. ताकीद दिली गेली. सगळ्यांना वाटलं, तोल गेला असेल.

पुन्हा सुरुवात. आणि ईशान पुन्हा मागे. या वेळी तोल जाण्यासारखं काही नव्हतं. इंद्रजित त्याच्यापासून तीन हात लांब, जागच्या जागी उभा. ईशान ताठ, तलवार समोर रोखलेली, बसस्टॉपवरून घरी निघाल्यासारखा पट्टीबाहेर गेला आणि थांबला.

नगरसेवकांनी अध्यक्षांना विचारलं, “हे काय, पळाला का?” आणि ते माइकवर ऐकू आलं.

सरनोबतांचा चेहरा लालबुंद. त्यांनी स्वतःच बैठकीची खूण केली. आम्ही पुन्हा मधोमध जमलो. आता ही बैठक मी सांगते, पद्धत गेली खड्ड्यात.

“हे मुद्दाम केलंय त्याने,” सरनोबत दातओठ खात म्हणाले. “आपला निर्णय आपल्या तोंडावर फेकतोय. संगनमत आहे. दोघांनाही बाद करू.”

“दोघांनाही?” मी विचारलं. “मग जागा?”

“जागा रिकामी. निवड समिती बघेल.”

“तांडेल?”

“मला कोनातून नीट दिसलं नाही,” तांडेल म्हणाले. एक खेळाडू चालत चालत रिंगणाबाहेर गेला, आणि यांना कोनातून दिसलं नाही!

“हे बघा बाई,” सरनोबत म्हणाले, “मी मघाशीच...” आणि थांबले. माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं गिळून टाकलं.

मी मान वळवली. ईशान आपल्या रेषेपाशी एका गुडघ्यावर बसला होता आणि मुखवट्याच्या जाळीतून सरळ माझ्याकडे बघत होता. सरनोबतांकडे नाही. माझ्याकडे. मला लाज वाटली.

“पाय रेषेबाहेर गेला,” मी म्हटलं. “दोनदा गेला. का गेला हे विचारायची सोय पुस्तकात नाही. संगनमत म्हणायचं असेल तर पुरावा दाखवा. चौगुले जागचा हललासुद्धा नव्हता.”

“तुम्ही मला नियम शिकवणार?”

“वाचून दाखवीन. रेघ मारून आणलंय.”

सरनोबतांनी तांडेलांकडे पाहिलं. तांडेलांनी आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे, मग छताकडे पाहिलं. बैठकीत जो शेवटी बोलेल त्याच्या बाजूने जायची त्यांची रीत होती आणि शेवटी मी बोलले होते. “बाई म्हणतात तसं... नियमात बसतं खरं,” ते म्हणाले.

इंद्रजित चौगुले दोन-एकने जिंकला. लाल झेंडा वर गेला तेव्हा त्याने हात दोन्ही बाजूंना इतके घट्ट धरले होते की जणू कोणी बांधून ठेवलेत. दोघं समोरासमोर वाकले. ईशान जरा जास्त वेळ वाकलेला राहिला.

मग कागदपत्रं. सामन्याचा अवमान केल्याबद्दल ईशान रत्नपारखीवर एक वर्षाची बंदी. अहवाल सरनोबतांनी तिथेच, आहेर लिहून घ्यायच्या टेबलावर बसून लिहिला. तीन पंचांच्या सह्या लागत होत्या. सरनोबतांनी केली, तांडेलांनी केली, आणि मीही केली. एका लढतीत एका माणसाशी किती वेळा भांडायचं, असं मी मनाला सांगितलं. आपलं मन फार समजूतदार असतं अशा वेळी.

सही करून उठते तो समोर हिंदुराव वस्ताद, मागे इंद्रजित, आणि तालमीतली दहा-बारा पोरं. वस्तादांच्या हातात फेटा.

“बाई, बसा,” ते म्हणाले.

“अहो, हे काय...”

“बसा म्हन्तो न्हवं. आज तुमी हुता म्हून न्याय झाला. त्या दोगांनी पोराचा गळाच कापला हुता. मी बगत हुतो की लांबनं. तुमी त्या मोठ्या सायबाला कसं हात हलवून सुनावलं! आपल्या कोल्हापूरची बाई हाय, म्हनलं. माती वळखती.”

इंद्रजित वाकला आणि त्याने माझ्या पायांवर डोकं ठेवलं. केस घामाने ओले होते. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आशीर्वाद दिला. तो देताना माझा आवाजही नीट निघाला.

वस्तादांनी स्वतः फेटा बांधला, पीळ देऊन, तुरा काढून. पोरांनी टाळ्या वाजवल्या. तांडेलही वाजवत होते.

“एक सांगा बाई,” वस्ताद म्हणाले, आणि आवाज मुद्दाम चढवला, कारण पाच पावलांवर सरनोबत झेंडे गुंडाळत होते. “त्यो पयला गुन काढून घ्यायची बुद्दी कुनाची? ह्याचीच न्हवं?”

मी म्हटलं, “वस्ताद, बैठकीतलं बाहेर सांगायचं नसतं. नियम आहे.”

“सांगू नका. कळलं आमास्नी.”

त्यांना काय कळलं होतं ते मला दिसत होतं, आणि मी ते तसंच कळू दिलं.

बैठकीची ती पहिली खूण मी केली होती. दोन्ही झेंडे एका हातात धरून मीच वर केले होते. इंद्रजितची पाठ होती माझ्याकडे. वस्तादांना त्या खुणेचा अर्थ माहीत नव्हता. ईशान मात्र माझ्या समोर तोंड करून उभा होता. मी आणि सरनोबत मधोमध आलो तेव्हा सरनोबतांनी आश्चर्याने विचारलं होतं, “काय झालं बाई?” मी म्हटलं, “प्रदर्शन. झानशिन मोडलं. नियम सत्तावीस.” ते म्हणाले, “अहो, नमस्कार केला पोराने. सोडून द्या.” ज्या माणसाची मी वर्षानुवर्षं टिंगल केली तो म्हणाला, सोडून द्या. मी म्हटलं, “मुख्य पंचांनाच नियम नको असेल तर मला तसं अहवालात लिहावं लागेल.” तेव्हा कुठे त्यांनी झेंडे खाली हलवले. तांडेल काय, शेवटी बोलले होते ती मीच.

माझ्या बापाची तालीम होती. चौथ्या वर्षापासून मी माणसांना मातीला हात लावताना पाहत आले. तो नमस्कार आहे हे त्या कार्यालयात वस्तादांखालोखाल कोणाला माहीत असेल तर मला. पण मी पुस्तक वाचलं होतं आणि ते वाचल्याचं कोणाला तरी दिसायला हवं होतं. एवढ्यासाठी मी त्या पोराची सहा वर्षं दीड मिनिटात पुसायला निघाले होते. पुढे कोल्हापुरात सरनोबतांचं नाव निघालं की लोक थुंकायचे. ते वारले तोपर्यंत थुंकत होते. त्यांनी कधी तोंड उघडलं नाही. मीही नाही.

त्या दिवशीही वस्तादांचं बोलणं त्यांनी ऐकलं, माझ्या डोक्यावरच्या फेट्याकडे एकदा पाहिलं, आणि झेंडे पिशवीत घालून निघून गेले.

इतक्यात ईशान आला. कवचाची बॅग खांद्याला, केस विंचरलेले, बंदीचं पत्र घडी करून हातात. वस्तादांनी त्याला बघितल्याबरोबर मिठी मारली. त्यांना त्याने काय केलं ते पुरतं कळलं नव्हतं, पण पोरगं हरूनही रडलं नाही हे आवडलं होतं. ईशानने इंद्रजितचा हात हातात घेतला, तैवानला गारठा असतो असं काहीतरी सांगितलं. मग माझ्यासमोर उभा राहिला. पंचासमोर वाकायचं असतं तितका, नेमका तितकाच वाकला.

“मॅडम,” तो म्हणाला, “फेटा छान दिसतोय तुम्हाला.”

“बगा!” वस्ताद खूश होऊन गरजले. “हरल्यालं पोरगंसुदिक म्हन्तंय!”

सगळे हसले. मीही हसले.